एनर्जी ड्रिंक कंपनीचे प्रायोजकत्व घेताना काय द्यावे आणि काय राखावे

तालुक्याची कबड्डी स्पर्धा असो, शहरातील दहा किलोमीटरची दौड असो किंवा घाटातील सायकल शर्यत असो, आपल्याकडील आयोजकांना पैसा पुरवणारी मंडळी बहुधा ठरलेली असतात. पतसंस्था, सराफ, साखर कारखाना, बांधकाम व्यावसायिक आणि एखादा स्थानिक नेता यांना कमानीवर नाव, स्मरणिकेत पानभर जाहिरात आणि बक्षीस समारंभात मानाची खुर्ची मिळाली की ते समाधानी असतात. एनर्जी ड्रिंक बनवणारी कंपनी प्रायोजक म्हणून येते तेव्हा मात्र व्यवहाराचे स्वरूपच बदलते. तिला खुर्ची नको असते. तिला धावणारा, घामाने भिजलेला खेळाडू हवा असतो आणि त्याच्या हातात आपला कॅन हवा असतो. ही मागणी गैर नाही, पण ती नीट समजून न घेता करारावर सही केली, तर आपण नेमके काय देऊन बसलो हे स्पर्धा संपल्यावर कळते. पुढील मार्गदर्शन अशा आयोजकांसाठी आहे.

कंपनी कसा विचार करते, ते आधी पाहा

या धंद्याची रीत ज्या कंपनीने घालून दिली, त्या रेड बुलची वाटचाल ठाऊक असल्याशिवाय समोर बसलेल्या मार्केटिंग मॅनेजरचे बोलणे पुरते उमगत नाही. ऑस्ट्रियाचे डीट्रिख माटेशिट्झ हे टूथपेस्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंगचे काम पाहत असत. कामानिमित्त थायलंडला गेले असताना त्यांना तेथील ‘क्राटिंग डेंग’ हे पेय सापडले. त्या पेयाचे निर्माते चालिओ यूविध्या यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये कंपनी स्थापन केली, पेयाची चव युरोपच्या जिभेला रुचेल अशी बदलली आणि १ एप्रिल १९८७ रोजी ते ऑस्ट्रियाच्या बाजारात आणले. तेव्हा तेथे ‘एनर्जी ड्रिंक’ नावाचा मालच दुकानात नव्हता. ग्राहकाला हे पेय चवीसाठी प्यायचे, तहानेसाठी प्यायचे की औषध म्हणून प्यायचे, हेच माहीत नव्हते. त्यामुळे कंपनीला पेयाच्या आधी ते पिण्याचा प्रसंग विकावा लागला, आणि तो प्रसंग तिला साहसी खेळांत सापडला.

सुरुवात इतरांसारखीच झाली. ऑस्ट्रियाचा फॉर्म्युला वन चालक गेरहार्ड बर्गर हा तिच्या पहिल्या खेळाडूंपैकी एक होता, आणि १९९५ पासून साउबर संघाच्या गाड्यांवर तिचे नाव झळकू लागले. मात्र दुसऱ्याच्या गाडीवर चिकटवलेले नाव तिला पुरले नाही. २००४ च्या अखेरीस तिने फोर्डकडून जग्वार संघच विकत घेतला आणि २००५ च्या हंगामात तो ‘रेड बुल रेसिंग’ म्हणून उतरवला. पुढे सेबास्टियन फेटेलने २०१० ते २०१३ अशी सलग चार विश्वविजेतेपदे या संघासाठी जिंकली. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात झालेल्या तिन्ही भारतीय शर्यती त्यानेच जिंकल्या आणि २०१३ चे विजेतेपदही तेथेच निश्चित केले. वृत्तवाहिनीवर निकाल सांगणारा निवेदक संघाचे नाव उच्चारत होता, म्हणजे पेयाचेही नाव उच्चारत होता, आणि त्या उच्चाराचे वेगळे पैसे कोणालाही द्यावे लागत नव्हते.

खेळ अस्तित्वात नसेल तर तो निर्माण करायचा, ही या विचाराची पुढची पायरी. घरी बनवलेली उडती यंत्रे धक्क्यावरून पाण्यात ढकलण्याचा ‘फ्लुगटाग’ हा सोहळा कंपनीने १९९२ मध्ये व्हिएन्नात सुरू केला. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनरने अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या आकाशात सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली आणि ध्वनीपेक्षा अधिक वेगाने खाली येणारा तो पहिला मुक्तपाती मानव ठरला. त्याच्या पोशाखावर आणि त्याला वर घेऊन गेलेल्या कॅप्सूलवर एकाच कंपनीचे चिन्ह होते, कारण प्रसंगच तिचा होता. चित्रीकरण, लेख आणि प्रक्षेपण यांसाठी तिने २००७ मध्येच स्वतःची माध्यमसंस्था उभारली होती. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर संघाचे माजी चालक डेव्हिड कुल्थार्ड यांनी रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी चालवून दाखवली, तो याच पद्धतीचा आपल्याला जवळून पाहता आलेला नमुना होता. त्या दिवशी ना शर्यत होती, ना गुण होते, ना प्रतिस्पर्धी होता. एक गाडी, तिचा आवाज आणि हजारो मोबाइल एवढेच होते.

नाव भाड्याने देणे आणि नाव देऊन टाकणे

आयोजकाने सर्वाधिक विचार या एका मुद्द्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले उदाहरण अमेरिकेचे आहे. मॉन्स्टर एनर्जी ही कंपनी २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षे नॅस्कार या मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेची नामप्रायोजक होती. मालिकेच्या नावात तिचे नाव होते, विजेत्याच्या चषकासोबत तिचे चिन्ह होते. करार संपला, नाव उतरले आणि मालिका प्रायोजकाच्या नावाशिवाय पुढे चालू राहिली. कंपनीला तीन हंगामांची प्रसिद्धी मिळाली, आयोजकांना पैसा मिळाला, आणि चाहत्यांचे काही हरवले नाही.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रियाचे आहे. १९३३ साली स्थापन झालेला साल्झबर्गचा फुटबॉल क्लब जांभळ्या-पांढऱ्या रंगांसाठी ओळखला जात असे. २००५ मध्ये रेड बुलने तो विकत घेतला, नाव बदलले आणि रंगही लाल-पांढरे केले. क्लबला पैसा आणि पुढे भरघोस यश मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु जे प्रेक्षक बापाबरोबर, आजोबांबरोबर जांभळा मफलर गळ्यात घालून मैदानावर येत होते, त्यांच्यापैकी अनेकांना तो क्लब आपला वाटेनासा झाला. त्यांनी त्याच वर्षी जुन्या नावाने आणि जुन्या रंगांत नवा क्लब काढला आणि सर्वांत खालच्या श्रेणीपासून पुन्हा खेळायला सुरुवात केली. जर्मनीत संघाला प्रायोजकाचे नाव देण्यास नियमांची आडकाठी असल्यामुळे २००९ मध्ये कंपनीने लाइपझिगच्या संघाचे नाव ‘राझेनबॉलस्पोर्ट’ ठेवले, म्हणजे हिरवळीवरचा चेंडूचा खेळ. त्या नावाची आद्याक्षरे ‘आरबी’ अशी होतात, हा योगायोग नव्हे. नियमाने दार बंद केले तर कंपनी खिडकी शोधते, हे यातून आयोजकाने शिकावे. आणि म्हणून करारात केवळ ‘काय करता येईल’ एवढेच न लिहिता ‘काय बदलता येणार नाही’ हेही लिहावे.

आपल्याकडे स्पर्धेचे नाव बहुधा एखाद्या दिवंगत खेळाडूच्या, शिक्षकाच्या किंवा ग्रामदैवताच्या नावाने असते. ते नाव विकू नये. कंपनीचे नाव ‘प्रस्तुत’ या शब्दासह आधी यावे, चषकाचे मूळ नाव पूर्ण आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत यावे, आणि करार संपताच कंपनीचे नाव सर्व ठिकाणांहून काढले जाईल, एवढी तीन वाक्ये करारात अवश्य असावीत. संघाच्या पोशाखाचा रंग हा तर करारात चर्चेचा विषयच होऊ देऊ नये.

माल काय आहे, ते वाचून घ्या

आमच्या दौडीच्या पहिल्या वर्षी आम्ही हे केले नव्हते. एका कंपनीने चांगली रक्कम देऊ केली, एका पानाचे पत्र आले, आम्ही सही केली. त्या पत्रात कंपनीला स्पर्धेचा ‘एकमेव पेय भागीदार’ म्हटले होते. स्पर्धेच्या पहाटे कंपनीची माणसे आली आणि समाप्तीरेषेच्या अगदी पलीकडे, जिथे पाण्याचे टेबल लागायचे होते, तिथे त्यांनी आपला निळा मंडप ठोकला. पाण्याची पिंपे पन्नास पावले मागे सरकली. गावातील महिला बचत गटाने कोकम सरबत आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी आणले होते. ‘पेय’ या एका शब्दाच्या आधारे त्यांना प्रवेशद्वाराबाहेर बसावे लागले. साडेसातच्या सुमारास पाच किलोमीटर पळून आलेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोरच त्या मंडपापाशी थांबला, बर्फातला कॅन त्याने एका दमात रिकामा केला, आणि चार पावलांवर, छातीवरचा क्रमांकाचा कागद दोन्ही हातांनी धरून, त्याला उलटी झाली. रुग्णवाहिकेतील परिचारिकेने त्याला बसते केले, तेव्हा त्याच्या मुठीतला कॅन मी हातात घेऊन उन्हाकडे धरला. ‘मुलांसाठी शिफारस केलेली नाही’ हे त्यावर बारीक अक्षरांत छापलेलेच होते. चूक कंपनीच्या माणसांची होती तितकीच आमचीही होती, कारण ते वाक्य वाचण्याचे काम आमचे होते.

म्हणून प्रायोजकाच्या प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत मालाचा एक कॅन मागावा आणि लेबल पूर्ण वाचावे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत अशा पेयांना ‘कॅफिनयुक्त पेय’ असा वर्ग आहे. एका लिटरमध्ये कॅफिन १४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ते जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम असू शकते. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक पिऊ नये, तसेच मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती यांनी ते घेऊ नये, हा इशारा लेबलवर द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट याहून अधिक वेळा विसरली जाते. एनर्जी ड्रिंक आणि खेळाडूंचे स्पोर्ट्स ड्रिंक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेटोरेड तयार केले, ते घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी. त्यात शंभर मिलिलिटरला साधारण सहा ग्रॅम साखर असते. नेहमीच्या रेड बुलमध्ये हे प्रमाण अकरा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम. इतके गोड पेय दमलेल्या पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो, त्यामुळे धावून आलेल्या माणसाची तहान भागवण्यासाठी ते योग्य नाही. आयोजकाच्या हद्दीत कोणीही ध्वनिक्षेपकावरून ‘पाण्याऐवजी हे घ्या’ असे म्हणता कामा नये, आणि ही अट करारात शब्दशः असावी. प्रौढ खेळाडू उत्तेजक चाचणीबद्दल हमखास विचारतात. त्यांना सांगावे की जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ मध्ये कॅफिन बंदीच्या यादीतून काढले असून ते सध्या केवळ देखरेखीखाली आहे.

इतर देशांनी याबाबत किती कडक भूमिका घेतली आहे, तेही प्रस्तावाच्या चर्चेत हाताशी असू द्यावे. लिथुआनियाने २०१४ पासून आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तींना एनर्जी ड्रिंक विकण्यास मनाई केली आहे. ब्रिटनमधील मोठ्या दुकानसाखळ्यांनी २०१८ पासून सोळा वर्षांखालील मुलांना ते विकणे स्वतःहून थांबवले. त्यामुळे ‘तुम्हीच एवढे काटेकोर आहात’ असे प्रतिनिधी म्हणाला, तर त्याचे उत्तर तयार असते.

मैदान शाळेचे असेल तर

आपल्या बहुतेक स्पर्धा शाळेच्या मैदानावर होतात. २०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार, चरबी, साखर किंवा मीठ यांचे प्रमाण अधिक असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. शालेय गटांच्या सामन्यांसाठी म्हणूनच एनर्जी ड्रिंकचा प्रायोजक घेऊच नये. खुल्या गटाची स्पर्धा असेल, तर तिच्यासाठी वेगळे मैदान घ्यावे. रविवारी शाळा बंद असते म्हणून चालून जाईल, या समजुतीवर विसंबू नये.

प्रस्ताव कसा लिहावा

प्रस्ताव चार-पाच पानांपेक्षा मोठा नसावा. अध्यक्षांचे मनोगत आणि मान्यवरांची छायाचित्रे कंपनीच्या उपयोगाची नसतात. तिला हवे असते ते हे: गेल्या वर्षी किती जण धावले किंवा किती संघ उतरले, त्यांचे वयोगट काय होते, प्रेक्षक कोणत्या वेळी सर्वाधिक असतात, अंतिम सामना कोणत्या प्रकाशात खेळला जातो, आणि चित्रीकरणासाठी उंच जागा कुठे आहे. खरे आकडे द्यावेत. पाचशे धावपटू असतील तर पाचशेच लिहावेत, कारण मागवलेले कॅन उरले की प्रतिनिधीला खरा आकडा आपोआप कळतो, आणि पुढच्या वर्षी तो दुसरीकडे जातो.

रक्कम ठरवताना आधी स्वतःचा खर्च मांडावा: मैदान आणि मॅटचे भाडे, पंचांचे मानधन, रुग्णवाहिका, पाणी, बक्षिसे, विमा, पोलीस परवानगी, सफाई. या एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम कोणत्याही एका प्रायोजकाकडून घेऊ नये, हा नियम आम्ही त्या पहिल्या वर्षानंतर केला आणि तो आजवर मोडलेला नाही. ज्याच्याकडून नव्वद टक्के पैसा येतो, त्याला स्पर्धेच्या आदल्या रात्री ‘नाही’ म्हणता येत नाही.

मालाच्या रूपातील मदत आणि रोख रक्कम यांची सरमिसळ होऊ देऊ नये. दोन हजार कॅन ही कंपनीसाठी नमुनावाटप आहे. त्यातून पंचांचे मानधन निघत नाही. कॅनची छापील किंमत प्रायोजकत्वाच्या रकमेत धरली जाणार नाही, हे प्रस्तावातच लिहावे. तसेच प्रायोजकत्व म्हणजे देणगी नव्हे. त्याबदल्यात प्रसिद्धी दिली जात असल्यामुळे त्यावर जीएसटी लागू होऊ शकतो, आणि तो मंडळाने भरायचा की कंपनीने, हे आयोजक संस्था कोणत्या स्वरूपाची नोंदणीकृत आहे यावर अवलंबून असते. देणगीची पावती फाडण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे.

करारातील कलमे

‘एकमेव’ हा हक्क द्यावा, पण तो ‘कॅफिनयुक्त पेय’ एवढ्याच वर्गापुरता. पाणी, ताक, सरबत, नारळपाणी आणि उसाचा रस यांवर त्याचा परिणाम होणार नाही, असे नावे घेऊन लिहावे. मुदत एका स्पर्धेची असावी. पुढील वर्षी प्रथम विचारणा करण्याचा हक्क कंपनीला देण्यास हरकत नाही, मात्र उत्तरासाठी तीस दिवसांची मर्यादा घालावी. पैशांपैकी निम्मी रक्कम सहीच्या दिवशी, उरलेल्यातील मोठा भाग स्पर्धेच्या आठ दिवस आधी आणि छोटा भाग अहवालानंतर घ्यावा. अवकाळी पाऊस, निवडणुकीची आचारसंहिता किंवा मैदानाची परवानगी रद्द होणे यांमुळे तारीख बदलली तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे.

चित्रफितींच्या हक्कांकडे मंडळे फारसे लक्ष देत नाहीत, आणि कंपनीचा सर्वाधिक डोळा मात्र त्यांच्यावरच असतो. आपल्या चढाईपटूने अखेरच्या मिनिटात तीन गडी टिपल्याची फीत ती कंपनी पुढे कितीतरी वर्षे वापरू शकते. ती वापरण्याची मुदत, माध्यमे आणि खेळाडूची लेखी संमती या तिन्ही गोष्टी कलमात याव्यात. मूळ चित्रीकरणाची एक प्रत मंडळाकडे राहावी. नामवंत खेळाडूचा स्वतःचा दुसरा प्रायोजक असेल, तर त्याला कॅन हातात धरून छायाचित्र काढण्याची सक्ती होणार नाही, हेही लिहावे.

कंपनी सहभागी खेळाडूंचे मोबाइल क्रमांक मागेल. ते परस्पर देऊ नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याचा पाया संमती हा आहे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती लागते. नोंदणी अर्जावर वेगळा चौकोन ठेवावा, तो आधीपासून खूण केलेला नसावा, आणि ज्यांनी स्वतः खूण केली त्यांचेच क्रमांक द्यावेत.

दाव्यांची भाषाही तपासावी. ‘पंख देते’ या घोषवाक्यासह केलेल्या जाहिरातींवरून अमेरिकेत रेड बुलविरुद्ध दावा दाखल झाला होता आणि २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाहिरात प्रसिद्ध करण्यात सहभागी असलेल्यांवरही जबाबदारी येते. त्यामुळे फ्लेक्स छापायला जाण्यापूर्वी त्याचा मजकूर मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांनी वाचून सही करावी.

स्पर्धेच्या दिवशी

मैदानाचा आराखडा कागदावर काढून करारालाच जोडावा. समाप्तीरेषेनंतर पहिले टेबल पाण्याचे, दुसरे क्षार-साखरेच्या पाण्याचे, तिसरे केळी व चिक्कीचे, त्यानंतर वैद्यकीय कक्ष, आणि प्रायोजकाचा मंडप या सर्वांच्या पुढे, जिथे धावपटू किमान दहा मिनिटे चालून, श्वास सावरून पोहोचतो. कंपनीला सुरुवातीला हे रुचत नाही. पण तिथे पोहोचलेला माणूस निवांत असतो, पदक गळ्यात असते, मित्र भेटलेले असतात आणि छायाचित्रे खरोखर चांगली येतात, हे एकदा दाखवून दिले की पुढच्या वर्षी ती स्वतःहून तीच जागा मागते.

प्रौढांच्या मनगटावर नोंदणीच्या वेळीच रंगीत पट्टी बांधावी आणि पट्टी पाहिल्याशिवाय कॅन देऊ नये. मंडपात मंडळाचा एक स्वयंसेवक पूर्ण वेळ उभा असावा. कंपनीने नेमलेली मुले त्या दिवसापुरती आलेली असतात आणि समोर हात पुढे आला की कॅन देतात. एका व्यक्तीला एकच कॅन. रिकामे कॅन गोळा करण्याची आणि भंगारवाल्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची, असे करारात असेल तरच संध्याकाळी मैदान स्वच्छ होते.

स्पर्धेनंतर दहा दिवसांत कंपनीला अहवाल द्यावा. त्यात प्रत्यक्ष सहभागींची संख्या, वाटलेले आणि परत गेलेले कॅन, कमान व गुणफलकाची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि वैद्यकीय कक्षात आलेल्यांची नावांशिवाय नोंद असावी. ही शेवटची नोंद कंपनी मागत नाही. तरीही आम्ही ती देतो आणि तिची प्रत मंडळाच्या इतिवृत्तात लावतो. पुढच्या वर्षीच्या बैठकीत प्रायोजकाचा विषय निघाला की सचिव आधी ते पान उघडून वाचून दाखवतात, आणि मगच रकमेची चर्चा सुरू होते.